लिनक्सवर कीबोर्ड चालत नाही? आधी तो कुठे हरवतो ते शोधा

जुना डेस्कटॉप घेतला, त्यावर उबुंटू किंवा मिंट टाकलं, आणि लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डच टाइप होत नाही. मशीन उचलून नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) नेलं की दोन सल्ले हमखास मिळतात: कीबोर्ड बदला, नाहीतर फॉरमॅट मारा. पहिल्याने कधीकधी काम भागतं. दुसऱ्याने सहसा नाही, कारण नव्याने टाकलेली सिस्टिमसुद्धा त्याच बायोस सेटिंगवर, त्याच पोर्टातून आणि त्याच केबलवरच सुरू होणार असते.

मशीन चालू केल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत कीबोर्डचा ताबा हातोहाती जातो. आधी बायोस, मग सिस्टिम निवडून सुरू करणारा ग्रब, मग डिस्क उघडण्याआधीची छोटी सिस्टिम म्हणजे इनिटरॅमएफएस, मग कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि शेवटी डेस्कटॉप. दर टप्प्यावर कळा वाचणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं (ग्रब तेवढा बायोसच्याच भरवशावर चालतो). म्हणून कीबोर्ड कुठपर्यंत चालतो हे कळलं की अर्धं काम झालं. कारण न शोधता इंटरनेटवर सापडलेल्या आज्ञा एकामागून एक मारत सुटलात, तर मूळ बिघाडावर आणखी दोन चढवून ठेवाल.

खालच्या पायऱ्या उबुंटू, मिंट आणि डेबियन धरून लिहिल्या आहेत. फेडोरा किंवा आर्चमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. अक्षरं मोठी हवीत तिथे तसं लिहिलं आहे.

काय जवळ ठेवायचं

- एक साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड. दिवे नाहीत, मॅक्रो नाहीत, दुकानातला सगळ्यात स्वस्त. तपासणीसाठी यापेक्षा चांगलं हत्यार नाही.
- चालणारा माउस. पडद्यावरचा कीबोर्ड त्यानेच वापरता येतो.
- उबुंटू किंवा मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरूनच सिस्टिम सुरू करता येते असा.
- दुसरा संगणक, किंवा एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला आज्ञा देण्याची सोय) अ‍ॅप असलेला फोन. बिघडलेल्या मशीनवर ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ आधीपासून टाकलेला असेल तरच याचा उपयोग. नसेल तर कीबोर्ड सुरू झाल्यावर सगळ्यात आधी तो टाका.
- एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर.
- कीबोर्ड टाइप-सीचा असेल तर डेटा वाहणारी टाइप-सी केबल.
- मशीनचा मॉडेल क्रमांक, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, डिस्क एनक्रिप्ट केली असेल तर तिचा पासफ्रेज, आणि बायोसचा पासवर्ड. ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीनवर बायोसला कुलूप असतं आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. पैसे देण्याआधी विचारा.

१. कीबोर्ड कुठपर्यंत चालतो ते पाहा

मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि लगेच बायोसची कळ दाबत राहा. डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोच्या थिंकसेंटरवर एफ१, आणि जोडणी करून घेतलेल्या मशीनवर बहुतेक वेळा डिलीट. बायोस उघडला आणि बाणांच्या कळा हलल्या, म्हणजे कीबोर्ड, केबल आणि पोर्ट तिन्ही जिवंत आहेत.

बायोसमधून बाहेर पडा आणि ग्रबचा मेनू आणा. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये शिफ्ट धरून ठेवायची, यूईएफआयमध्ये (म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसमध्ये) एस्केप एकदाच दाबायची. एस्केप दोन-तीनदा दाबली गेली तर मेनूऐवजी ग्रबची काळी ओळ येते. घाबरू नका, ‘नॉर्मल’ असं टाइप करून एंटर मारा, मग पुन्हा एस्केप.

पुढे डेस्कटॉप किंवा लॉगिनचा पडदा आला की कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, तर कळ कर्नलपर्यंत नक्की पोचते आहे. (दिवा नाहीच लागला तर त्यावरून लगेच काही ठरवू नका, काही कीबोर्डांना दिवाच नसतो.) मग कंट्रोल+आल्ट+एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली आणि तिथे अक्षरं उमटली, तर दोष फक्त डेस्कटॉपच्या थरात आहे.

आता आपली जागा ओळखा:

- बायोसमध्येच मुका: पायरी २, मग ३.
- बायोसमध्ये चालतो, ग्रबमध्ये नाही: पायरी ३.
- ग्रबमध्ये चालतो, डिस्कचा पासवर्ड विचारताना मुका: पायरी ५.
- ग्रबमध्ये चालतो, त्यानंतर कुठेच नाही: पायरी ४.
- काळ्या कन्सोलवर चालतो, डेस्कटॉपवर नाही: पायरी ६.
- काही कळा चालतात, काही नाहीत: पायरी ७.

अडकलेलं मशीन पॉवर बटण दाबून बंद करण्याआधी एक उपाय करून पाहा. आल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एस, यू, बी या कळा एकेक करून, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत दाबा. डेटा डिस्कवर लिहिला जातो, डिस्क फक्त-वाचनाच्या स्थितीत जाते आणि मशीन नव्याने सुरू होतं. इंटरनेटवर आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं दिलेली असतात, पण उबुंटूमध्ये ही सोय १७६ या आकड्यावर ठेवलेली असते. १७६ म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज: रीबूट, फक्त-वाचन आणि सिंक. पहिल्या तीन अक्षरांना तिथे परवानगीच नाही, त्यामुळे ती दाबून काही झालं नाही तर कीबोर्ड मेला असं समजू नका.

२. केबल, पोर्ट आणि स्विच

ही पायरी सगळ्यांना बालिश वाटते आणि निम्म्याहून जास्त भानगडी इथेच मिटतात.

कीबोर्ड हबमधून काढा आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावा. समोरचे पोर्ट आतून एका वायरीने जोडलेले असतात. जुन्या मशीनमध्ये ती वायर सैल असते किंवा बसवलेलीच नसते. शक्यतो काळ्या यूएसबी २ च्या पोर्टात लावून बघा. निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टाचा कंट्रोलर वेगळा असू शकतो, आणि जुन्या बायोसला तो वेळेवर जागा करता येत नाही.

टाइप-सीच्या कीबोर्डला मोबाइलच्या चार्जरची केबल लावली की फसगत ठरलेली. काही केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात. कीबोर्डचे दिवे झगमगतात, पण संगणकाला तो दिसत नाही.

तीन प्रकारे चालणाऱ्या मेकॅनिकल कीबोर्डच्या पाठीला किंवा कडेला एक छोटा स्विच असतो: ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्झ, केबल. स्विच ब्लूटूथवर असेल तर केबल लावली तरी तिच्यातून फक्त चार्जिंग होतं. स्विच केबलवर सरकवा.

डोंगलवाल्या कीबोर्डमध्ये फसवणूक वेगळीच. संगणक डोंगल ओळखतो, कीबोर्ड नाही. सेल संपलेला असला तरी यादीत डोंगल व्यवस्थित दिसतं आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. आधी सेल बदला. मग डोंगल एक्स्टेंशन वायरीने टेबलावर आणा, कारण यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो आणि कळा गळतात.

जांभळा गोल पोर्ट, म्हणजे पीएस/२, चालू मशीनमध्ये लावायचा नाही. बंद करा, लावा, चालू करा. यूएसबी कीबोर्डला हिरवा-जांभळा अडॅप्टर लावून पीएस/२ करता येतं, पण तो कीबोर्ड दोन्ही भाषा बोलणारा असेल तरच. आजचे बरेच कीबोर्ड बोलत नाहीत.

आता नागपूरचा खास विषय, कूलर. एप्रिल ते जून खोलीत कूलर चालतो आणि संगणक बहुतेक वेळा त्याच एक्स्टेंशन बोर्डवर असतो. कूलरची मोटर किंवा पंप सुरू-बंद होताना कीबोर्ड क्षणभर सुटून परत जोडला जात असेल, तर कर्नलच्या नोंदीत ‘डिसेबल्ड बाय हब’ आणि पुढे प्रश्नचिन्हासह ‘ईएमआय’ असा संदेश शोधा. कर्नलच तुम्हाला सांगतो आहे की विजेच्या गोंगाटामुळे पोर्ट बंद पडलं असावं. कूलर वेगळ्या सॉकेटवर न्या, अर्थिंग तपासून घ्या, कीबोर्डची वायर कूलरच्या वायरीपासून दूर ठेवा. यात सॉफ्टवेअरने सुधारण्यासारखं काही नाही.

कूलरच्या झोतासमोर टेबल असेल तर ओलावा आणि धूळ मिळून मेंब्रेनच्या (कळांखालच्या पातळ पापुद्र्याच्या) रेषा खातात. कीबोर्ड काढून, उलटा झटकून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसा आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळू द्या. पाण्याने धुतलेला कीबोर्ड संध्याकाळीच लावून बघण्याचा मोह आवरा.

३. बायोसमधल्या चार गोष्टी

नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, पण शोधायचं हेच:

- लेगसी यूएसबी सपोर्ट: चालू. हे बंद असेल तर ग्रबमध्ये यूएसबी कीबोर्ड मुका होतो.
- एक्सएचसीआय हँड-ऑफ: चालू. यूएसबी कंट्रोलरचा ताबा बायोसकडून कर्नलकडे नीट जातो की नाही ते यावर ठरतं.
- फास्ट बूट: बंद. वेळ वाचवायला बायोस यूएसबी जागं करणंच टाळतो.
- सुपरवायझर पासवर्ड: लावलेला असेल तर वरचं काहीच बदलता येणार नाही, हे आधी तपासा.

फास्ट बूटमुळे कीबोर्ड मुका, आणि कीबोर्ड मुका म्हणून बायोस उघडत नाही, असा पेच पडला तर लिनक्समधूनच बाहेर पडता येतं. माउस किंवा एसएसएच वापरून ‘सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप’ ही आज्ञा द्या. यूईएफआय मशीन थेट बायोसच्या पडद्यावर उघडतं. तेही जमलं नाही तर प्लग काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. सगळी सेटिंग मूळपदावर जातात, तारीखही जाते. ती लगेच बरोबर करा.

गेमिंग कीबोर्डची आणखी एक खोड. कितीही कळा एकत्र ओळखणारी एनकेआरओ पद्धत चालू असेल तर काही बायोसना तो कीबोर्ड समजत नाही. बायोसला यूएसबीची साधी ‘बूट’ पद्धत कळते: ८ बाइटचा निरोप, त्यात एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांचा, एक रिकामा, आणि सहा कळांचे सहा. कीबोर्डच्या पुस्तिकेत सहा कळांच्या पद्धतीवर जाण्याची जोडकळ दिलेली असते, ती वापरा. केव्हीएम स्विचमागे (एकच कीबोर्ड दोन-तीन संगणकांना वापरायचा डबा) लावलेल्या कीबोर्डलाही हाच उपाय लागू पडतो.

४. कर्नलला काय दिसतं

इथे थोडा वेळ काढा. पुढचं सगळं याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

सुटा कीबोर्ड, पडद्यावरचा कीबोर्ड किंवा एसएसएच, जे चालेल त्याने टर्मिनल उघडा आणि ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालवा. डब्ल्यू लहान अक्षरातलाच हवा. हल्लीच्या उबुंटूमध्ये सुडोशिवाय ही आज्ञा नकार देते. आता बिघडलेला कीबोर्ड काढून पुन्हा लावा आणि काय उमटतं ते पाहा.

*काहीच उमटलं नाही.* कर्नलला पोर्टात काही लागल्याचंही कळलेलं नाही. केबल, पोर्ट, किंवा बायोसमध्ये बंद केलेला कंट्रोलर. पायरी २ वर परत जा. ड्रायव्हर शोधू नका.

*‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे एरर -७१ किंवा -११०.* काहीतरी लागलं, पण ओळखपरेड पुरी झाली नाही. -७१ म्हणजे संभाषणातच गडबड, बहुतेक वेळा केबल, पोर्ट किंवा हब. -११० म्हणजे उत्तराची वाट पाहून कर्नल थकला. वीज अपुरी असते किंवा कीबोर्ड सावकाश जागा होणारा असतो. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. रंगीबेरंगी दिव्यांचा कीबोर्ड वीज न जोडलेल्या हबवर चार उपकरणांसोबत लावला तर तो अडखळणारच.

*‘नॉट ऑथोराइज्ड फॉर युसेज’.* मशीनवर अनोळखी यूएसबी उपकरणं अडवणारा यूएसबीगार्ड किंवा तसा नियम आहे. मिहान किंवा आयटी पार्कमधल्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर हे असू शकतं. तिथे आपण उचापती करायच्या नाहीत. आयटी विभागाला सांगा.

*कंपनीचं आणि कीबोर्डचं नाव नीट आलं, पण पुढे ‘इनपुट’ची ओळ नाही.* आता ड्रायव्हरचा संशय घ्या. ‘एलएसमॉड’ चालवून ‘यूएसबीएचआयडी’ आणि ‘एचआयडी_जेनेरिक’ दोन्ही दिसतात का पाहा. नसतील तर ‘सुडो मॉडप्रोब यूएसबीएचआयडी’. ‘मॉड्यूल सापडत नाही’ असं उत्तर आलं तर ‘यूनेम -आर’ ने चालू कर्नलचा क्रमांक बघा आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’ मध्ये त्याच क्रमांकाचा फोल्डर आहे का तपासा. अपडेट चालू असताना वीज गेली किंवा ‘/बूट’ भरलं, तर इथे विसंगती राहते. ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून आधीचा कर्नल निवडून सुरू करा, जागा मोकळी करा, आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ने अपडेट पुरं करा.

*सगळं नीट उमटलं.* मग ‘कॅट /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस’. इथे एक सापळा आहे: पॉवर बटणाच्या नोंदीतही ‘केबीडी’ लिहिलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यावरून कीबोर्ड सापडला असं मानू नका. खऱ्या कीबोर्डच्या ‘हँडलर्स’ ओळीत ‘सिसआरक्यू’, ‘केबीडी’ आणि ‘एलईडीज’ असे तिन्ही शब्द असतात, सोबत ‘इव्हेंट’ आणि एक आकडा. तो आकडा टिपा. ‘इव्हटेस्ट’ हे पॅकेज टाका, ‘सुडो इव्हटेस्ट’ चालवा, तोच आकडा निवडा आणि कळा दाबा. एकाच कीबोर्डच्या दोन-तीन नोंदी दिसणं नेहमीचं आहे. आवाजाच्या कळा आणि पॉवरच्या कळा वेगळ्या नोंदीत येतात. कळा उमटल्या तर कर्नल निर्दोष. सरळ पायरी ६.

लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड यूएसबीच्या यादीत सहसा नसतोच. तो जुन्या पीएस/२ पद्धतीने, आय८०४२ नावाच्या कंट्रोलरवर बसतो, किंवा काही नव्या लॅपटॉपमध्ये आय२सी वर. आय८०४२ वाला मुका असेल तर कर्नलला सुरू होतानाच सूचना द्यावी लागते. ग्रबमध्ये उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून सूचना लिहा आणि एफ१० दाबा. पुढच्या चार सूचना एका वेळी एकच करून पाहा:

- आय८०४२.रीसेट
- आय८०४२.नोमक्स
- आय८०४२.नोपीएनपी
- एटीकेबीडी.रीसेट

असा बदल एकाच बूटपुरता टिकतो, म्हणून तो निर्धास्त करता येतो. लागू पडलेली सूचना मात्र कायमची करायची तर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलीत ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ (सगळी अक्षरं मोठी) या ओळीच्या अवतरणचिन्हांच्या आत ती लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. चारही सूचना एकदम घालून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. पुढे टचपॅड बंद पडतो तेव्हा कुठल्या सूचनेने, ते त्यांना कधीच कळत नाही.

५. डिस्कचा पासवर्ड विचारतानाच मुका

या वेळी मुख्य सिस्टिम अजून उघडलेली नसते. चालतो तो इनिटरॅमएफएस, आणि त्यात तुमच्या कीबोर्डचा ड्रायव्हर भरलेलाच नसेल तर तो मुका राहतो. नेहमीची कहाणी अशी: सिस्टिम लॅपटॉपच्या कीबोर्डवर टाकली, नंतर बाहेरचा कीबोर्ड आणला.

आधी साधा वायरचा कीबोर्ड लावून आत शिरा. मग डेबियन-उबुंटूमध्ये ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’ उघडून ‘मॉड्यूल्स’ च्या पुढे ‘डेप’ असेल तर ‘मोस्ट’ करा आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. आर्चवाल्यांनी ‘एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फ’ मधल्या हुक्सच्या यादीत ‘कीबोर्ड’ हा शब्द ‘ऑटोडिटेक्ट’ च्या आधी आणावा. नंतर असेल तर त्या क्षणी जोडलेल्या कीबोर्डपुरतेच ड्रायव्हर भरले जातात. फेडोराच्या ड्रॅकटमध्ये ‘होस्टओन्ली’ बंद करून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा.

ब्लूटूथ कीबोर्ड या टप्प्यावर सहसा चालत नाही. डिस्क एनक्रिप्ट केली असेल तर वायरचा कीबोर्ड घरात ठेवाच.

६. कन्सोलवर चालतो, डेस्कटॉपवर नाही

सगळ्यात आधी स्लो कीज. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की ही सोय चालू होऊ शकते, आणि मग प्रत्येक कळ थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय उमटत नाही. टाइप करणाऱ्याला वाटतं कीबोर्ड मेला. एखादी कळ दोन सेकंद धरून बघा. अक्षर आलं तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टायपिंग उघडून स्लो कीज आणि बाउन्स कीज बंद करा.

दुसरं कारण मराठी लिहिणाऱ्यांचं. सिस्टिम टाकताना कीबोर्ड म्हणून फक्त मराठी इनस्क्रिप्ट निवडला, तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि ठिपक्यांमुळे ते दिसतही नाही. लॉगिनच्या पडद्यावर भाषेचं चिन्ह असेल तर तिथून इंग्रजी निवडा. आत शिरल्यावर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ चालवून मुख्य मांडणी इंग्रजी ठेवा आणि मराठी दुसरी. मग उबुंटूमध्ये सुपर (विंडोजची कळ)+स्पेसने दोन्हींत जा-ये करता येते. इंग्रजीतली ‘इंडिया, रुपया चिन्हासह’ ही मांडणी घेतली तर उजव्या आल्टसोबत ४ दाबून ₹ येतं, तेही कामाचं आहे.

रास्पबेरी पायवर ॲट चिन्हाच्या जागी अवतरणचिन्ह येत असेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही. मांडणी ब्रिटिश आहे. ‘रास्पी-कॉन्फिग’ मधून अमेरिकन करा.

मराठी टाइप करताना अचानक सगळंच थांबलं, तर आयबस (भाषा टाइप करून देणारं सॉफ्टवेअर) अडकला असण्याची शक्यता मोठी. ‘आयबस रीस्टार्ट’. मांडणी चटकन बदलायला ‘सेटएक्सकेबीमॅप यूएस’ ही आज्ञा सगळे सुचवतात, पण ती एक्सऑर्गची, म्हणजे डेस्कटॉपचा पडदा चालवणाऱ्या जुन्या पद्धतीची आहे. हल्लीचं उबुंटू वेलँड या नव्या पद्धतीवर चालतं, तिथे बदल सेटिंग्जमधूनच करावा लागतो.

एक्सऑर्गवर माउस आणि कीबोर्ड दोन्ही मुके असतील तर इनपुट ड्रायव्हरचं पॅकेज उडालेलं असतं. नको असलेली पॅकेजं साफ करताना हे होतं. कंट्रोल+आल्ट+एफ३ ने कन्सोलवर जा, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-ऑल’ चालवा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

तरीही उलगडत नसेल तर नवा युजर तयार करून त्यातून लॉगिन करा. तिथे कीबोर्ड चालला तर दोष तुमच्या होम फोल्डरातल्या सेटिंगमध्ये आहे.

७. काही कळा चालतात, काही नाहीत

इव्हटेस्ट पुन्हा काढा. बंद पडलेल्या कळा एकाच ओळीतल्या किंवा तिरक्या रांगेतल्या असतील तर मेंब्रेनची एक रेषा गेली आहे, कीबोर्ड बदला. लॅपटॉपवर जे, के, एल च्या जागी आकडे येत असतील तर नम लॉक चालू आहे. विंडोजची कळ मुकी असेल तर गेमिंग कीबोर्डवरचं तिचं कुलूप बघा.

एफ१ ते एफ१२ दाबल्यावर फक्त आवाज आणि उजेड बदलत असेल, तर कीबोर्ड स्वतःला अ‍ॅपलचा म्हणवत असावा. काही मेकॅनिकल कीबोर्ड तसं करतात आणि लिनक्स त्यांना ‘एचआयडी_अ‍ॅपल’ ड्रायव्हर लावतो. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/एचआयडी_अ‍ॅपल.कॉन्फ’ फाइलीत ‘ऑप्शन्स एचआयडी_अ‍ॅपल एफएनमोड=२’ ही एक ओळ लिहा, इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, मशीन पुन्हा सुरू करा.

लॅपटॉपवर पाणी सांडलं आणि कीबोर्ड आपोआप अक्षरं टाइप करू लागला, तर दुरुस्ती होईपर्यंत कर्नलला ‘आय८०४२.नोकेबीडी’ सूचना देऊन आतला कीबोर्ड बंद ठेवता येतो. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड चालू राहतो.

८. ब्लूटूथ

‘आरएफकिल लिस्ट’ मध्ये ब्लूटूथच्या ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ दिसत असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’. मग ‘ब्लूटूथसीटीएल’ उघडून या क्रमाने: पॉवर ऑन, एजंट ऑन, डिफॉल्ट-एजंट, स्कॅन ऑन. कीबोर्डचा पत्ता दिसला की तो देऊन पेअर, ट्रस्ट, कनेक्ट. पेअर करताना पडद्यावर आकडे येतात. ते त्याच ब्लूटूथ कीबोर्डवर टाइप करून एंटर मारायचं. ट्रस्ट विसरलात तर आज चालेल, उद्या मशीन सुरू केल्यावर जोडला जाणार नाही.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील तर एकीकडे जोडला की दुसरीकडून सुटतो. अडॅप्टरचा पत्ता एकच, पण प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी किल्ली बनवते. कीबोर्डवर दोन-तीन उपकरणांची जागा असेल तर दोन्ही सिस्टिम वेगवेगळ्या जागांवर जोडून बघा.

९. झोपेतून उठल्यावर मुका

‘पॉवरटॉप --ऑटो-ट्यून’ चालवलं होतं का? ते सगळ्याच यूएसबी उपकरणांना झोपवतं, कीबोर्डलाही. पहिली एक-दोन अक्षरं गळणं हीच त्याची खूण. ते काढा, किंवा कर्नलला ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१’ सांगा. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड उठत नसेल तर पायरी ४ मधलं आय८०४२.रीसेट आधी करून पाहा.

१०. बीएसडीवाल्यांसाठी

फ्रीबीएसडीमध्ये ‘यूएसबीकॉन्फिग’ ने उपकरणांची यादी मिळते, आणि डीमेसेजमध्ये ‘यूकेबीडी०’ (नव्या आवृत्तीत ‘एचकेबीडी०’ असू शकतं) शोधायचं. एकापेक्षा जास्त कीबोर्ड ‘केबीडीमक्स’ एकत्र करतो, म्हणून कस्टम कर्नल बनवताना तो काढू नका. ओपनबीएसडीमध्ये यूकेबीडीच्या पुढे ‘डब्ल्यूएसकेबीडी’ ची ओळ आली की कीबोर्ड कन्सोलला जोडला गेला. मांडणी ‘डब्ल्यूएसकॉन्ससीटीएल’ ने बदलते.

११. दुकानात किंवा मदत मागायला जाताना

‘कीबोर्ड चालत नाही’ एवढंच सांगितलं तर पुन्हा फॉरमॅटचाच सल्ला मिळेल. डीमेसेज, एलएसयूएसबी (यूएसबी उपकरणांची यादी), ‘/प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस’ आणि ‘यूनेम -आर’ यांची उत्तरं एका फाइलीत साठवून पेनड्राइव्हवर न्या. कीबोर्ड ग्रबपर्यंत चालतो की कन्सोलपर्यंत, ते सोबत लिहा. डीमेसेजच्या नोंदीत मशीनचं नाव आणि उपकरणांचे सिरियल क्रमांक असू शकतात. अनोळखी माणसाला फाइल पाठवण्याआधी ते खोडा.

आणि सीताबर्डीतून जुनं मशीन घ्यायलाच निघाला असाल, तर लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात असू द्या. काउंटरवरच तो लावून मशीन सुरू करा, बायोस उघडतो का पाहा, पुढचे-मागचे सगळे पोर्ट एकाच कीबोर्डने तपासा, लॅपटॉप असेल तर टेक्स्ट एडिटर उघडून प्रत्येक कळ एकदा दाबा, आणि झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडून पुन्हा टाइप करा. पैसे त्यानंतर द्या.